"कोण नेतंय?" म्हणाले की सायकल तिथं ठेवू नका

पायथ्याच्या गावात शिरून "दादा, सायकल कुठं लावू?" असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "लावा की कुठंबी. कोण नेतंय?"

बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. गावातलं कुणी नेत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण त्या वाक्यात "मी बघतो" असं कुठंही म्हटलेलं नाही. एवढा फरक कळायला माझी एक सायकल गेली.

पावसाळ्यातला रविवार होता. मावळातल्या एका धबधब्याजवळच्या टपरीवर चहा घेतला, तिथल्या दादांना विचारलं, वरचंच उत्तर मिळालं. टपरीमागं तारेच्या कुंपणाचा लोखंडी खांब होता, त्याला केबलचं कुलूप घालून वर गेले. तीन तासांनी येऊन बघते तर खांब आडवा, सायकल गायब. कुलूप तोडायचीही कुणाला गरज पडली नव्हती. पावसानं माती लोण्यासारखी झाली होती, खांब उपटला आणि सायकल काढून घेतली. टपरीवाले दादा म्हणाले, "ताई, सकाळपासून शेकड्यानं गाड्या आल्यात, मी काय काय बघू?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी हातात हेल्मेट घेऊन कामशेतहून लोकलनं पुण्याला आले. डब्यातले लोक हेल्मेटकडं बघत होते, मी खिडकीबाहेर.

मी ५२ वर्षांची. कोथरूडला राहते, एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं, ३० ते ६० किलोमीटर सायकल मारायची, मग एखादा गड नाहीतर लेणी, गावात जेवण आणि दिवेलागणीला घरी. सोबत बहुतेक वेळा एक मैत्रीण असते. त्या चोरीनंतर मी सायकल ठेवण्याचा विषय जरा अभ्यासाला घेतल्यासारखा घेतला, आणि तेव्हापासून एकही सायकल गेलेली नाही.

विचारायचं कसं

पहिली गोष्ट, "सायकल ठेवली तर चालेल का?" असं विचारू नका. याला नाही कोण म्हणणार? "सायकल कुठं लावू?" असं विचारा, आणि माणूस काय करतो ते बघा. नुसता हात हलवून "तिकडं लावा" म्हणाला तर ते "कोण नेतंय"चंच भावंड. पण उठून पुढं आला, "हिकडं, पडवीत घ्या" म्हणत मध्ये आलेली बादली सरकवली, कोंबड्या हाकलल्या, तर सायकल त्यानं ताब्यात घेतली असं समजा. जागा दाखवायला जो उठतो तोच लक्ष ठेवतो. हा माझा सगळ्यात भरवशाचा नियम आहे, बाकीचं सगळं त्याच्या खाली.

दुसरी गोष्ट, विचारायचं कुणाला? जिथं जेवणार, तिथंच. गुंजवणे, पाली, लोहगडवाडी, आतकरवाडी, अशा सगळ्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जेवण मिळतं. चढायच्या आधी सांगून जायचं: "मावशी, दोन माणसांचं पिठलं-भाकरी, दीडपर्यंत येतो." आता मावशींनी भाकऱ्या थापायला घ्यायच्या म्हणजे आपण परत येणं त्यांच्याही हिशेबात येतं. सायकल म्हणजे त्या जेवणाचं तारणच. वर ते घर रविवारभर जागं असतं, चूल पेटलेली असते, अंगणात कुणी ना कुणी असतं. अशा अंगणाची बरोबरी कुठलंही कुलूप करत नाही.

हाक मारताना एक ध्यानात ठेवा. काका-काकू म्हटलं की आपण पुण्याहून आलो हे लगेच कळतं (तसं ते हेल्मेटवरूनही कळतं म्हणा). मावशी, मामा, आजी, दादा बरं. आधी पाणी मागा, ओट्यावर टेका, कुठून आलो ते सांगा. एवढ्या लांबून सायकल मारत बाई आली याचं कौतुक अजून टिकून आहे, ते खुशाल वापरा. पाच मिनिटं जातात, पण त्या पाच मिनिटांत घरातल्या सगळ्यांना सायकल कुणाची ते समजतं. नंतर दुसराच कुणी ती न्यायला आला तर आजी ओट्यावरून ओरडतील.

तिसरा प्रश्न, "तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?" हा न विचारल्याची शिक्षा मी भोगली आहे. वेल्ह्याकडं एका घरी सायकल ठेवली, मामांनी स्वतः उचलून पत्र्याच्या शेडमध्ये लावली. आम्ही तोरण्यावरून उतरलो तर शेडला बाहेरून कुलूप आणि घरात कुणी नाही. सगळं घर साखरपुड्याला भोरला गेलेलं. सायकल इतकी सुरक्षित की मलाही मिळेना. शेजारच्या आजींनी फोन लावून दिला, भुईमुगाच्या शेंगा भाजून दिल्या, आणि अडीच तासांनी मामा जीपमधून उतरले ते हातात लाडवांचा पुडा घेऊन. राग कुणावर धरणार? तेव्हापासून मी घरातल्या माणसाचा फोन नंबर घेते आणि माझा नंबर कागदावर लिहून देते. मोबाइलवर "मिस्ड कॉल देते" यात अर्थ नाही, कारण सह्याद्रीतली गंमत अशी की गडावर रेंज असते आणि पायथ्याला नसते.

पुण्याजवळच्या काही जागा

सिंहगड. इथं आधी ठरवा की सायकल वर न्यायची की खाली ठेवायची. गाडीरस्ता गोळेवाडीच्या वन खात्याच्या नाक्यापासून सुरू होतो आणि आठ-नऊ किलोमीटर चढतो. घाटच चढायला आला असाल तर सायकल वरपर्यंत न्या, वाहनतळाशेजारी कांदाभजी-दह्याच्या टपऱ्या आहेत, त्यांतल्या एकीच्या मागं लावा. फक्त रविवारी अकराच्या आत, नंतर वाहनतळावर मुंगी शिरायला जागा नसते आणि दुचाकी मागं घेताना लोक सायकलवर आदळतात. पायवाटेनं चढायचं असेल तर आतकरवाडी. तिथं अंगणांमध्ये पैसे घेऊन दुचाकी लावू देतात. सायकल दुचाक्यांच्या रांगेत लावू नका, घराच्या भिंतीकडं मागून घ्या. रांगेतली एक गाडी पडली की पत्त्यासारख्या सगळ्या पडतात, आणि सगळ्यांच्या खाली सायकल सापडते.

भाजे आणि लोहगड. जुन्या पुणे-मुंबई महामार्गानं कार्ला फाटा, मग मळवली स्टेशन, रेल्वे ओलांडून आणि द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून भाजे गाव. (द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, नकाशातलं ॲप काहीही म्हणो.) भाजे लेणी बघायची तर सायकल गावातच एखाद्या घरी ठेवावी. लेण्यांच्या पायऱ्यांच्या तोंडाशी, तिकीटखिडकीजवळ ठेवायचा मोह होतो, पण तिथं सतत नवी माणसं येतात-जातात, कुणाची कोणती सायकल हे कुणालाच माहीत नसतं. लोहगडाला जाताना सायकल लोहगडवाडीपर्यंत चढवता येते, चढ मात्र जबर आहे, मी अर्धा ढकलते. २०२५ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले, त्यांत लोहगड आहे, शिवनेरी आणि राजगडही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. अशा दिवशी मी भाज्यातच सायकल ठेवून पायी जाते, किंवा सरळ सांगायचं तर जातच नाही, बुधवारी रजा टाकते.

राजगड. इथं पायी येणाऱ्यांची एक सवय सायकलवाल्याला परवडत नाही. गुंजवण्यातून चोर दरवाजानं चढायचं आणि पाली दरवाजानं उतरायचं हा बेत छान असतो, पण सायकल गुंजवण्यातच राहते आणि रस्त्यानं वळसा मोठा आहे. ज्या गावात ठेवाल त्याच गावात उतरा. पहिल्यांदा जात असाल तर पाली बरी, वाट रुंद आहे, पायऱ्या आहेत, वेळेचा अंदाज चुकत नाही, आणि मावशींना दिलेली दीडची वेळ पाळता येते.

पुरंदर. गड लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं, वर सायकल सोडतील की नाही यावर दिवस ठरवू नका. मी नारायणपुरात ठेवते. पण गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, दत्ताच्या दर्शनाला गाव भरून वाहतं.

देवळांबद्दल इथंच सांगते. पुजाऱ्यांना विचारून आवारात लावता येते, सावली असते, पाणी असतं. मात्र उत्सवाच्या दिवशी देऊळ म्हणजे बाजार. आणि दीपमाळेला, जुन्या कोरीव खांबाला, वीरगळाला साखळी घालू नका. एका तरुणानं हे केलेलं मी पाहिलंय, आणि त्याला तिथल्या आजोबांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गावात ओळख निघतच नसेल तर पेट्रोल पंप. कॅमेरा असतो, माणूस असतो. हवेच्या पंपाच्या माणसाला विचारा, मालकाला नाही. दूध संकलन केंद्र सकाळी उघडं दिसतं म्हणून भुलू नका, दूध गेलं की कुलूप, ते थेट संध्याकाळी उघडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवार रविवारी ओस असतं, म्हणजे सुरक्षितही नाही आणि आडोसाही नाही. ते नकोच.

कुलूप, आणि ते कशाला घालायचं

घर मिळालं तरी कुलूप घालाच. मावशींवर अविश्वास म्हणून नव्हे, त्यांच्या डोक्यावरचा भार कमी व्हावा म्हणून. तसं सांगितलं की कुणाला राग येत नाही.

पातळ केबलची कुलपं हातातल्या छोट्या कटरनं तुटतात. जाड दिसणाऱ्या केबलीतही निम्मं प्लास्टिकच असतं. आकड्यांची कुलपं स्वस्तातली असतील तर चाचपडत उघडता येतात, माझ्या भाच्यानं जेवणाच्या टेबलावर माझंच उघडून दाखवलं. सध्या माझ्याकडं कडक पोलादाची साखळी आहे, कडी आठ मिलिमीटर जाड. जड आहे, दीड किलोच्या आसपास, घाटात प्रत्येक वळणावर आठवण करून देते. यू आकाराचं कुलूप हलकं पडतं आणि मजबूतही, पण खेड्यात त्याची अडचण अशी की ते अडकवायला बारीक खांबच सापडत नाही. शहरात कठडे असतात, इथं वडाचं झाड असतं. म्हणून साखळी.

साखळी सायकलच्या सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून न्यायची. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय दांडा फिरवून निघणारं, असेल तर तेही बांधा, नाहीतर तो दांडा काढून खिशात टाका. दोन सायकली असतील तर उलट-सुलट तोंडं करून एकत्र बांधा, एकीचं हँडल दुसरीच्या कॅरिअरकडं. अशी जोडी ना चालवता येते, ना ढकलता, आणि उचलून नेणाऱ्याला टेम्पोच लागेल.

बांधायचं कशाला? खिडकीचे गज, शेडचा सिमेंटात पुरलेला खांब, जिन्याचा कठडा. गोठ्यात मोकळी दावण असेल तर उत्तम, म्हशीला जे हलत नाही ते चोराला काय हलणार! कुंपणाचा खांब नको, कारण वर सांगितलं. कमी उंचीचा खांब असेल तर सायकल वरून उचलून निघते, तेही तपासा. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला कधीच नको, पावसात त्यात वीज उतरलेली असू शकते. हापशाला नको, तिथं बायका पाण्याला येतात. लावलेल्या रोपाच्या पिंजऱ्यालाही नको.

चोर सोडून बाकीचे

खरं तर गावात सायकलला त्रास चोराचा कमी आणि इतरांचा जास्त. पहिला नंबर पोरांचा. गिअरची सायकल दिसली की घंटी वाजते, मग पायडल उलटे फिरतात, मग गिअर बदलले जातात, तेही सायकल उभी असताना. चेन निघून अडकते. रागावून उपयोग नाही. मी आल्या आल्याच सगळ्यांत मोठ्या पोराला बोलावते, एक फेरी मारायला देते आणि सांगते, "आता बाकीच्यांना हात लावू द्यायचा नाही, हे तुझ्याकडं." राखणदार पाळीवर बसतो. परत आल्यावर आणखी एक फेरी, हा पगार.

दुसरा नंबर माकडांचा. सिंहगडावर आणि बहुतेक देवळांपाशी. हँडलच्या पिशवीत खाऊचा वासही ठेवू नका, चेन उघडण्यात ती वेळ घालवत नाहीत, पिशवीच फाडतात. शेळ्या हँडलची पट्टी चाटतात, घामाच्या मिठामुळं असावं. म्हैस अंग घासते आणि मडगार्डाचा आकार बदलतो. म्हणून दावणीला बांधताना शेजारची दावणही मोकळी आहे ना ते बघा.

मग ऊन. गच्च हवा भरलेली सायकल एप्रिलच्या उन्हात तीन तास उभी राहिली तर ट्यूब फुटू शकते, विशेषतः जुना टायर असेल तर. सावली सरकते हे ध्यानात ठेवून जागा निवडा, सकाळी आठची सावली एक वाजता कामाची नसते. आणि बाभळीखाली सावली बघून भुलू नका. एका काट्याचं पंक्चर काढलं, हवा भरली, आणि दुसरा काटा टायरमध्ये तसाच होता, असा एक पूर्ण रविवार मी घालवला आहे.

उतारावर सायकल घरंगळू नये म्हणून जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग कापून जवळ ठेवा. ब्रेक दाबून हँडलसकट तिच्यात अडकवला की झाला हँडब्रेक. फुकट आहे आणि भारी आहे.

पैसे

दुचाकीचा जो दर असेल तो सायकलीचाही द्यावा. मागितला नाही तरी. "सायकलचे कसले पैसे" म्हणतात, तेव्हा मी घासाघीस उलट्या दिशेनं करते, आणि अगदीच ऐकलं नाही तर वीस रुपये पोरांच्या हातात किंवा जेवणाच्या बिलात. पंचायतीची पावती मिळाली तर जपून ठेवा, तुम्ही त्या दिवशी तिथं होता याचा तो एक कागद असतो. जेवणाचे पैसे मात्र आधी देऊ नका, तारणाचं गणित बिघडतं.

गेलीच तर

घरून निघतानाच दोन फोटो हवेत, एक पूर्ण सायकलीचा, एक फ्रेम नंबरचा. हा नंबर बहुतेक सायकलींना पायडलच्या आसाखाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. खरेदीचं बिलही मोबाइलमध्ये ठेवा. आमच्या लहानपणी पुण्यात सायकलीला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा, तो नसला की दंड. वडील तो बिल्ला खिळा ठोकावा तसा घट्ट बसवायचे. आता नोंद ठेवायची ती आपली आपणच.

आधी गावात सांगा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. पुढच्या फाट्यावरच्या टपरीवाल्याला त्यांच्याकडून फोन गेला तर तासाभरात काही हाती लागण्याची आशा असते. मग ११२, किंवा जवळचं ठाणं. १ जुलै २०२४ पासून चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. "सायकलच ना, अर्ज लिहून द्या" असं ऐकायला मिळेल, मलाही मिळालं. अर्ज वेगळा आणि एफआयआर वेगळा. सायकल पाच हजारांच्या खालची नसेल तर एफआयआरच मागा, त्याची प्रत फुकट मिळते.

आणि शेवटी, सायकल जागेवर मिळाली म्हणून लगेच टांग मारू नका. सिंहगडाचा उतार समोर असताना तर मुळीच नाही. दोन्ही ब्रेक दाबून बघा, दोन्ही चाकं हलवून बघा, क्विक रिलीज आवळलेलं आहे ना ते बघा, चेन एकदा हातानं फिरवा. मागं एकदा माझा पुढचा ब्रेक मोकळा होता. राखणदार पोरानं प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, तो करकर वाजत होता, म्हणून मी सैल केला."